चारवर थांबलेला पाय

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये आमचा सालसाचा क्लास असतो. सकाळी तिथे योगासनं चालतात, त्यामुळे आधी सतरंज्या गुंडाळून भिंतीशी लावायच्या, खुर्च्या बाजूला सरकवायच्या आणि मग रांगेत उभं राहायचं. शिकवणारी मुलगी मोठ्याने मोजते, "एक, दोन, तीन... पाच, सहा, सात..." चार आणि आठ ती तोंडाने म्हणतच नाही. त्या दोन मात्रांवर पाऊल पडत नाही, अंग मात्र चालू राहतं. बरोबरीच्या मुलामुलींना हे थांबणं अवघड जातं. मला ते पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला मामाकडे तबला शिकायचे, तेव्हा तालाची खाली दाखवताना टाळी न देता हात हळूच उलटा करायला मामाने शिकवलं होतं. तो म्हणायचा, "तिथे ताल थांबलेला नसतो गं. तिथे तर जास्त कान द्यायचा."

तर एका शनिवारी क्लास संपत आला असताना तिने एक संथ गाणं लावलं. आधी पियानो आला, अगदी निवांत, घाई नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. पियानोच्या मागून आवाज आला, आणि मी ओढणी खांद्यावर टाकता टाकता तशीच उभी राहिले. सालसाचे गायक खणखणीत गातात, समोर नाचणाऱ्या पाचशे माणसांना ऐकू जाईल असं. हा आवाज तसा नव्हता. तो घशात कुठेतरी फाटलेला होता आणि फाटलेल्या जागेतूनच वर येत होता. मला एकदम मामाच्या दारातला गोंधळ आठवला. रात्रभर संबळ वाजलेलं, पहाटेचे तीन वाजलेले, मुख्य गोंधळ्याचा आवाज बसलेला, आणि त्या बसलेल्या आवाजात तो आईला हाक मारत होता. आधीच्या सगळ्या रात्रीत मला रडू आलं नव्हतं, ते त्या वेळी आलं.

गाणं होतं 'लाग्रिमास नेग्रास', म्हणजे काळे अश्रू. क्यूबातल्या मिगेल मातामोरोसने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी रचलेलं. सोडून गेलेल्या माणसाला शाप द्यायचा हक्क असूनही तो न देणाऱ्याचं गाणं. पियानोवर होते बेबो वाल्देस. 1918 साली क्यूबात जन्मलेले, हवानाच्या नाइट क्लबांचा सुवर्णकाळ गाजवलेले, 1960 मध्ये देश सोडून गेले ते शेवटी स्टॉकहोममध्ये स्थायिक झाले आणि तिथल्या हॉटेलांत वर्षानुवर्षं पियानो वाजवत राहिले. जग त्यांना जवळपास विसरलं होतं. आणि गाणारा दिएगो एल सिगाला, माद्रिदचा फ्लॅमेंको गायक, जातीने हितानो. फ्लॅमेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसिया प्रांताचं गाणं आणि नाच. हितानो म्हणजे स्पेनमधले रोमा, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो ते. चित्रपट दिग्दर्शक फेर्नांदो त्रुएबाने या दोघांना एकत्र बसवलं. 2003 मध्ये अल्बम आला तेव्हा बेबो ऐंशी ओलांडून गेले होते आणि सिगाला पस्तिशीत होता.

त्या गाण्यात एक गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. बेबोंचा डावा हात ठेका अगदी सरळ धरून चालतो. सिगाला मात्र ओळ कधीच ठेक्यावर उचलत नाही. तो जरा मागे राहतो, ओळीचा शेवट वेडावाकडा लांबवतो, आता हा नक्की चुकणार असं वाटत असताना बरोबर जागेवर येऊन बसतो. क्यूबन गाणं अबाधित राहतं आणि तरी ते अंदालुसियाचं होऊन जातं. मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल. याच एका गाण्यामुळे गेली कित्येक वर्षं मी सालसा आणि फ्लॅमेंको यांच्यातल्या नात्याचा माग काढते आहे.

माग काढायला लागलं की पहिल्याच वळणावर आपल्याकडचा एक मेसेज भेटतो. तो तुम्हालाही आला असेल: रोमा मूळचे भारतातले, रोमांनी फ्लॅमेंको घडवला, फ्लॅमेंकोतून सालसा आला, म्हणजे सालसा आपलाच. हा मेसेज मला मनापासून खुपतो. त्यातला पहिला भाग खरा आहे म्हणून तर जास्तच खुपतो.

सालसाचा कणा आफ्रिकन आहे, हे आधी सांगायला हवं. क्यूबात गुलाम करून आणलेल्या काँगो आणि योरुबा लोकांचे ढोल, त्यांची सवाल-जवाबाची गायकी, त्यांचे देव. क्यूबातली गुलामगिरी संपली ती 1886 साली, म्हणजे अगदी काल-परवा. सालसात गाण्याच्या उत्तरार्धात मुख्य गायक ऐन वेळी सुचलेल्या ओळी टाकत जातो आणि मागचे एकच ओळ धरून राहतात. आपले शाहीर आणि झीलकरी करतात तसंच. या भागाला मोंतुनो म्हणतात आणि तो आफ्रिकेचं देणं आहे. या झाडाला स्पेनने काय दिलं? गिटार आणि तिची भावंडं, दहा ओळींचं बांधीव कडवं, गाण्याची भाषा आणि गळ्याची एक ठेवण. रोमांचा हात असेल तर तो या शेवटच्या गोष्टीत आहे.

आता रोमांकडे. साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघालेले लोक. त्यांनी लिहून काहीच ठेवलं नाही, त्यामुळे त्यांचा सगळा प्रवास त्यांच्या बोलीतून वाचावा लागतो. रोमानीत आकडे मोजून बघा: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपल्या घरातलं. पुढे सात, आठ, नऊ येतात एफ्ता, ओख्तो, एन्या, हे चक्क ग्रीक. आणि दहाला पुन्हा देश. वाटेत ग्रीक बोलणाऱ्या मुलखात ही माणसं किती पिढ्या राहिली असतील! मिठाला रोमानीत लोन म्हणतात. आपल्याकडे तो शब्द एकटा फारसा वापरात नाही, पण लोणच्यात तो मुरलेला आहेच. द्राक्ष म्हणजे द्राख. सुरी म्हणजे चुरी. आणि रोम हे नाव बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते डोंब या शब्दापासून आलं. आपल्याकडे दोरीवर चालणारा, ढोलकं वाजवणारा तो डोंबारी.

1425 च्या जानेवारीत आरागोनच्या राजाने आपल्या राज्यातून जाण्यासाठी दिलेला एक परवाना सापडला आहे. स्पेनमधली रोमांची ही पहिली लेखी नोंद. ते स्वतःला 'छोट्या इजिप्तचे' यात्रेकरू म्हणवत होते, त्यावरून एजिप्तानो आणि त्यावरून हितानो. पाहुणचार थोडेच दिवस टिकला. 1499 मध्ये फर्मान निघालं की मालक शोधा आणि एका जागी स्थिर व्हा, नाहीतर देश सोडा. तरीही हाकललं गेलं नाही ते गाणं. त्यांची बोली हळूहळू मोडली, स्पॅनिश व्याकरणात रोमानी शब्द असं तिचं रूप उरलं. त्याला कालो म्हणतात. कालो म्हणजे काळा. फ्लॅमेंकोच्या जुन्या कडव्यांमध्ये या बोलीचे शब्द अजून सापडतात. दुःखाला दुका. लाजेला लाचा. हे दोन शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं वाचू शकले नाही. हजार वर्षांत या लोकांनी देश सोडले, धर्म बदलले, आकडे बदलले, आणि जपून नेलं काय, तर दुःख आणि लाज.

मला या नात्यात एवढं पुरतं. राग-ताल तिकडे गेले असं म्हणायला मी धजत नाही. फ्लॅमेंकोतल्या सोलेआ या गानप्रकाराचं आवर्तन बारा मात्रांचं असतं म्हणून त्याचं नातं आपल्या एकतालाशी लावणारे बरेच भेटतात. मी दोन्ही हातावर धरून पाहिले आहेत. एकताल दोन-दोनच्या सहा खंडांचा, सोलेआचा जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. आकडा तेवढा एक, अंग निराळं. शिवाय फ्लॅमेंको काही एकट्या हितानोंनी घडवला नाही. अंदालुसियाची लोकगीतं, मूर लोकांचा वारसा, सेव्हिलमधल्या आफ्रिकन वस्त्या असं कितीतरी त्यात मिसळलं आहे. हितानोंनी त्यात आपला गळा घातला. अशा फाटक्या, जाड आवाजाला तिथे आफिया म्हणतात, एल फियो नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या हितानो गायकावरून. तिथे गवयाची परीक्षा आवाज किती गोड आहे यावर होत नाही.

हा गळा समुद्रापार गेला कसा? कोलंबसच्या 1498 च्या तिसऱ्या सफरीत 'इजिप्तचे' म्हणून नोंदवलेली चार माणसं होती, दोन पुरुष आणि दोन बायका. पण चार माणसांनी संगीत बदलत नाही. ते बदललं बंदरांनी. अमेरिकेशी होणारा स्पेनचा सगळा व्यापार दोन शतकं सेव्हिलमधून आणि 1717 नंतर कादिसमधून चालला, आणि परतीच्या जहाजांचे तांडे हवानाच्या बंदरात जमून मग निघत. महिनोन् महिने नांगर टाकून पडलेल्या खलाशांना गाण्या-बजावण्याशिवाय दुसरं काय काम असणार? चाली जात राहिल्या आणि येतही राहिल्या. 1732 च्या स्पॅनिश शब्दकोशात फांदांगोचा अर्थ दिला आहे, 'इंडीजच्या राज्यांत राहून आलेल्यांनी आणलेला नाच'. ज्याला आज आपण अस्सल स्पॅनिश समजतो, त्याला तेव्हाचे स्पॅनिश लोक परदेशी म्हणत होते. फ्लॅमेंकोत तर गाण्यांचा एक अख्खा गटच आहे, त्याला 'जाण्या-येण्याची गाणी' म्हणतात. त्यातली ग्वाहिरा क्यूबाच्या शेतकऱ्यांच्या गाण्यावरून आली.

बंदरांच्या या गोष्टीत एक पान फार काळं आहे. 1749 च्या जुलैअखेर स्पेनच्या राजाने देशभरातल्या हितानोंना एकाच वेळी पकडायचा हुकूम काढला. सुमारे नऊ हजार माणसं धरली गेली. बायका-मुलं एकीकडे, पुरुष दुसरीकडे, हेतू हाच की पुढची पिढी जन्मू नये. पुरुषांना नौदलाच्या गोद्यांवर सक्तीच्या कामाला लावलं, त्यातली एक कादिसजवळची ला काराका. काहीजण सुटेपर्यंत 1760 चं दशक उजाडलं. त्याच साम्राज्याची दुसरी मोठी गोदी होती हवानाला, आणि तिथे राबत होते आफ्रिकन गुलाम. सालसाचा जीव ज्या वाद्यात आहे ती क्लावे, म्हणजे कठीण लाकडाच्या दोन कांड्या, मुळात जहाजाच्या फळ्या जोडायच्या खुंट्या होत्या असं हवानात सांगतात. मी जेव्हा जेव्हा क्लावेचा टोला ऐकते, तेव्हा मला या दोन गोद्या एकदम दिसतात. एकीकडे हितानो, दुसरीकडे आफ्रिकन, आणि मध्ये ये-जा करणारी त्यांच्याच हातची जहाजं.

यावर आपण फार उंच मानेने बोलू नये. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कितीतरी भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. अशा जमातींना डांबून ठेवलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण स्वातंत्र्यानंतरही लगेच निघालं नाही, ते निघायला 1952 चा ऑगस्ट संपत यावा लागला. सालसात आपले पूर्वज शोधणाऱ्यांनी आधी आपल्या वेशीबाहेरच्या पालांकडे बघावं, असं मला वाटतं.

बिझेच्या 'कारमेन' या ऑपेरातली नायिका जगातली सगळ्यात प्रसिद्ध हितानी असेल. सेव्हिलच्या तंबाखूच्या कारखान्यात काम करणारी. ती रंगमंचावर येते आणि पहिलंच गाणं म्हणते ते हाबानेरा, म्हणजे हवानाचं. 1875 मध्ये पॅरिसला हा ऑपेरा आला तेव्हा बिझेला ती चाल लोकगीत वाटली होती. नंतर कळलं की ती सेबास्तियान इरादिएर या बास्क संगीतकाराची आहे, आणि हा इरादिएर क्यूबाला जाऊन आला होता. म्हणजे फ्रेंच माणसाने रंगवलेली हितानी, बास्क माणसाची चाल, आणि तळाशी आफ्रिकेतून क्यूबात आलेला ठेका. या कारखान्याची इमारत सेव्हिलमध्ये अजून उभी आहे, तिथे आता विद्यापीठ भरतं. तिच्या दगडी दारातून मी आत गेले तेव्हा मुलं पायऱ्यांवर बसून डबे खात होती.

सालसा हे नाव रूढ झालं न्यूयॉर्कमध्ये. 1964 मध्ये तिथे फानिया ही रेकॉर्ड कंपनी निघाली, 1971 च्या ऑगस्टमध्ये चीता क्लबमध्ये फानियाच्या सगळ्या कलावंतांचा तो गाजलेला कार्यक्रम झाला. त्या मंचावर गाणारा एक्तोर लावो पोर्तो रिकोच्या पोन्से गावचा. त्या बेटावरच्या डोंगरी शेतकऱ्यांचं गाणं 'ले-लो-लाय' अशा निरर्थक अक्षरांच्या लांब हेलकाव्याने सुरू होतं आणि दहा ओळींच्या कडव्यात चालतं. हे कडवं 1591 मध्ये रोंदाच्या विसेंते एस्पिनेलने पक्कं केलं, आणि रोंदा म्हणजे ऐन अंदालुसिया. लावो आणि विली कोलोन यांनी 1970 च्या सुमारास नाताळच्या गाण्यांचा अल्बम केला, त्यात योमो तोरोचा क्वात्रो, गिटारीचंच एक भावंड, वाजतो आणि लावोच्या नाकातल्या, किंचित रडव्या आवाजात तो डोंगरी हेलकावा ऐकू येतो. क्यूबाच्या ग्वाग्वांको या ढोलांवरच्या गाण्या-नाचातही गायक शब्दांच्या आधी असाच नुसता स्वर लावून जागा धरतो. फ्लॅमेंकोचा गायकही 'आय' म्हणत घसा तापवतो. तिन्ही एकापाठोपाठ एक ऐकावेत, दिवे घालवून. नातं कागदावर सिद्ध करत बसायची गरज वाटेनाशी होते.

आणि मग हितानोंनी हे सगळं परत घेतलं, आपल्या पद्धतीने. विसाव्या शतकाच्या मध्यावर बार्सिलोनाच्या हितानो गल्ल्यांमध्ये क्यूबन रेकॉर्डी वाजायला लागल्या. ढोलवाले, पितळी वाद्यांचे ताफे परवडणारे नव्हते. मग पेस्काईया आणि पेरेत या मंडळींनी सगळा ताफा एका गिटारीत कोंबला. उजवा हात पंख्यासारखा फिरवायचा, तारा छेडायच्या आणि त्याच फेरीत लाकडावर थाप मारायची. या हाताला नावच पडलं व्हेंतिलादोर, पंखा. यातून उभी राहिली ती रुंबा कातालाना. पुढे 1987 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या हितानो कुटुंबांच्या जिप्सी किंग्जचं 'बांबोलेओ' आलं. आपल्याकडच्या लग्नांतसुद्धा ते वाजतं. त्याचा बराच भाग व्हेनेझुएलाच्या सिमोन दियासच्या गाण्यातून घेतलेला. फ्लॅमेंकोचा गिटारवादक पाको दे लुसियाने 1977 मध्ये पेरूमध्ये काहोन ऐकला, गुलामांनी लाकडी खोक्यांतून घडवलेलं वाद्य, आणि तो स्पेनला घेऊन गेला. आज काहोनशिवाय फ्लॅमेंको सुना वाटतो, आणि पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांनाही त्यावर बसून वाजवताना मी पाहते. सिगालाने 2016 मध्ये पूर्ण सालसाचा अल्बम केला आणि त्याला नाव दिलं न्यूयॉर्कचा सालसावादक रे बारेतोच्या 1973 च्या अल्बमचं. ही मला कृतज्ञता वाटते.

सेव्हिलमध्ये नदी ओलांडली की त्रियाना. कुंभार, खलाशी आणि हितानो लोहारांची जुनी वस्ती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना तिथून उठवून शहराच्या कडेच्या इमारतींमध्ये नेलं, तेव्हा आता तिथे त्यांची घरं फारशी उरलेली नाहीत. एका रात्री तिथल्या छोट्याशा जागेत गाणं ऐकायला बसले होते. वीस-पंचवीस माणसं, लाकडी बाकं, तळलेल्या माशांचा वास. न राहवून मीही टाळी धरली. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता माझे दोन्ही हात धरले आणि तळवे खोलगट करून एकमेकांवर आडवे ठेवले. गायक गात असताना टाळी अशी द्यायची, दबलेली, गळ्याच्या खालून जाणारी. उघडी, खणखणीत टाळी गिटार एकटी असेल तेव्हा. मग त्यांनी ठेक्यावरची टाळी स्वतःकडे घेतली आणि मला दोन टाळ्यांच्या मधली जागा दिली. त्यांची टाळी पडली की माझी, माझी पडली की त्यांची. मिरजेच्या ओसरीवर मामाने माझा हात मनगटाला धरून उलटा केला होता, तेव्हा त्याच्या बोटांना शाईचा वास येत होता. या आजोबांच्या हातांना लसणाचा होता. गाणाऱ्या बाईच्या कडव्यात एकदा 'दुकास' आलं, तेवढा एकच शब्द मला न सांगता कळला.

गेल्या शनिवारी क्लास संपल्यावर शिकवणाऱ्या मुलीने पुन्हा तेच गाणं लावलं. या वेळी तिने खिशातून क्लावेची जोडी काढली आणि माझ्या हातात दिली. डाव्या हाताच्या बोटांवर एक कांडी अलगद ठेवायची, तळवा खोलगट, म्हणजे नाद घुमतो. दुसरीने वाजवायचं. तीन टोले, मग दोन. पहिला एकवर, दुसरा दोन आणि तीनच्या मध्ये. बाकी सगळे नाचत होते, एक, दोन, तीन, आणि पाय थांबले. तिसरा टोला तिथेच येतो, चारवर. मी तो दिला.